व्हर्नेल आत्यानं पाहुण्यांना उभं केलं

व्हर्नेल आत्याच्या मयतीला पाळक एझेल उभे राहिले आणि म्हणाले, आपली बहीण व्हर्नेल टॉलिव्हर सदा हसतमुख होती, तिनं कधी कोणाला दुखवलं नाही. तर पहिल्या बाकावरून आत्याची जुनी मैत्रीण ओमेगाबाई बोलली, हळू नाही, चांगलं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, “हा चुकीच्या शवपेटीपाशी उभा आहे.”

लोक हसले. रडता रडता हसले. कारण खरंच होतं ते. आत्या हसतमुख बिलकुल नव्हती. तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. आता गेली म्हणून तिला साखरेत घोळवायची काही गरज नाही, जशी होती तशी सांगितलेली बरी.

आत्या माहेरची मॉसली. अलाबामात हार्लन्स फेरी हे आमचं गाव, नदीकाठी. तिचा थोरला भाऊ लेव्हर्ट लाकडाच्या मिलमधे ट्रक चालवायचा. एक दिवस कच्च्या रस्त्यावर त्याच्या पुढं ड्यूई लॅथमची गाडी रेंगाळत चाललेली, यानं ती ओलांडली. धूळ उडाली. काळ्यानं गोऱ्याच्या पुढं गाडी काढायची नाही, त्याच्या तोंडावर धूळ उडवायची नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. एकोणीस वर्षांचा होता, इतकंच. त्याच संध्याकाळी चौघं जण दारात आले. आत्याची आई पायरीवर उभी होती, गाडीचे दिवे सरळ तिच्या डोळ्यांवर. तिला ट्रक ओळखू आला, हिरवा, लॅथमचा, आणि लॅथमचा आवाज. बाकीचे तिघं नुसते आकार. लेव्हर्टला कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात नेलं. पुढं दोन-तीन दिवसांनी नदीनंच त्याला काठाला आणून लावला. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती.

तिची आई मरेपर्यंत लॅथमचं नाव घ्यायची झाली तर आधी खिडकी लावायची. घरात. स्वतःच्या घरात.

मग आत्याचं लग्न झालं आणि ती हॉलिस प्रुएट नावाच्या गोऱ्याच्या घरी कामाला लागली. चौकातलं औषधाचं दुकान त्याचं. वीस-बावीस वर्षं तिनं त्या घरात रांधलं, धुतलं, त्याच्या शर्टांना इस्त्री केली. त्याची मुलं तिनंच वाढवली, थोरला बडी तर तिचं बोट धरून चालायला शिकला. आत्याची आई वारली तेव्हा प्रुएट स्वतः मयतीला आला होता, मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. आत्या कोणाला बरं म्हणायची नाही, पण त्याच्याबद्दल म्हणायची, त्यांच्यात तो एक माणूस आहे.

आणि रविवारी ती न्यू हेब्रॉन चर्चात दारावरची सेविका. पांढरा झगा, पांढरे हातमोजे, पांढरे बूट, डावा हात पाठीशी. प्रार्थना चालू असली की दारात आडवी उभी, मग तुम्ही कोणीही असा, आत येऊ द्यायची नाही. आमच्यात पाहुणा आला की दारावरची सेविका त्याच्या बाकापाशी जाते आणि उजवा हात वर करते. पाहुण्यानं उठायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या, माझं नाव काय, मी कोणाची पोर, माझं चर्च कुठलं. तिन्ही झाल्या की ती म्हणते, स्वागत आहे, आणि हात खाली. दोनच सांगितल्या तर हात वरच. आत्याचा हात कधी दुखला नाही. एकदा शिकागोचा एक जण बापाचं नाव सांगायचं टाळत होता, आत्या उभी ती उभी. शेवटी मागनं एक म्हातारी ओरडली, “सांगून टाक रे बाबा, आम्हाला सगळ्यांना माहीतच आहे तो कोण ते!”

तर दोन वर्षांमागं गावातल्या गोऱ्यांच्या मोठ्या चर्चनं आमच्या चर्चला विचारलं, दोन्ही मंडळ्या मिळून यात्रा काढू. बस करू, मॉन्टगोमरीचं स्मारक बघू, मताच्या हक्कासाठी निघालेल्यांना पोलिसांनी झोडपलं तो सेल्माचा पूल बघू, आणि शेवटी आपल्याच गावात लेव्हर्टला मारलं त्या जागेवर येऊन तिथली माती काचेच्या बरणीत भरू. अशा बरण्या आता खूप गावांतून मॉन्टगोमरीला जातात, जिथं जिथं असं कोणाला मारलं तिथली माती, वर त्या माणसाचं नाव. आणि जागेवर पाटी लावायची. त्यांच्याकडून पुढारी होती मार्जीन स्टॅग्स. लग्नानं स्टॅग्स. जन्मानं लॅथम, ड्यूई लॅथमची एकुलती एक पोरगी. तिला वाटायचं हे आता कोणाच्या ध्यानात नाही. आमच्या बाजूला पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं.

आमच्या चर्चच्या तळघरात बैठक झाली. मार्जीनबाईनं पाटीवरचा मजकूर वाचला. इथं एका जमावानं लेव्हर्ट मॉसलीचा जीव घेतला, असं.

“हा जमाव कोण?” आत्यानं विचारलं.

“त्या काळचे लोक, व्हर्नेलबाई. काही गावचे, काही बाहेरचे. एक कोणी सांगता यायचं नाही.”

“लेव्हर्टला नाव होतं, ते लिहिलंत. जमावाला आई-बाप नव्हते? आभाळातनं पडला?”

मार्जीनबाईचा चेहरा तसाच गोड, नुसती मान ताठ झाली. “जे लोक आता उत्तर द्यायला जिवंत नाहीत त्यांची नावं घेणं शोभत नाही.”

“लेव्हर्ट कुठं जिवंत आहे? त्याचं बरं घेतलंत.”

पाळक एझेल खोकले. कोणीतरी कॉफी ओतायला उठलं. बैठक संपल्यावर एझेलनी आत्याला जिन्याखाली गाठलं.

“मावशी, इतक्या वर्षांत ते लोक पहिल्यांदा आपल्या तळघरात येऊन बसलेत. मोडू नका.”

“मी कुठं उठवलं? नुसतं विचारलं.”

“जागेवर तुम्ही आणि मार्जीनबाई मिळून फावडं धरा. आणि तुम्ही एकच शब्द बोला, क्षमा केली म्हणून. फोटो निघेल. गावाचं भलं होईल.”

“एझेल, तुला मी लंगोटात पाहिलंय,” आत्या म्हणाली. “तेव्हाही भलत्या ठिकाणी भलतंच करायचास.”

पण यात्रेला नाही म्हणाली नाही. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. तिला एकच हवं होतं, ओमेगाबाईला तिनं सांगितलंही होतं. ड्यूई लॅथमचं नाव त्याच्या पोरीच्या तोंडून, उघड्यावर, त्या जागेवर. “आई खिडकी लावून बोलायची. मला बिनखिडकीचं ऐकायचंय. मग मरेन.”

बसमधे चढल्यावर बघावं तर गोरे पुढं आणि आमचे मागं. कोणी सांगितलं नव्हतं, पूर्वी कायद्यानं बसवायचे तसे, आपोआप. ओमेगाबाई दारातच थांबली आणि म्हणाली, “वा, सगळ्यांना आपापल्या जागा पाठ आहेत.” मग आत्या गेली आणि सरळ मार्जीनबाईच्या शेजारी जाऊन बसली. तिची पर्स उचलून तिच्याच मांडीवर ठेवली आणि बसली.

दुपारी त्यांच्या चर्चनं सगळ्यांना खाण्याची खोकी वाटली, सँडविच, सफरचंद, बिस्कीट. आत्यानं घेतलं नाही. तिनं बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी आणली होती, मेणकागदात गुंडाळून, आणि केकचा तुकडा. पूर्वी आपल्याला रस्त्यात कोणी खायला द्यायचं नाही, म्हणून प्रवासाला निघताना आमच्या बाया असंच बांधून घ्यायच्या.

“आता तर सगळीकडे मिळतं, व्हर्नेलबाई,” मार्जीनबाई म्हणाली.

“मिळतं की.”

“मग हे ओझं कशाला?”

“माझं मीच उचललंय. तुम्हाला कुठं जड झालं?”

मागं ओमेगाबाई आणि आमच्या बाया फसफसून हसल्या. मार्जीनबाईनं खिडकीकडे तोंड केलं. एक कोंबडीची तंगडी आत्यानं पुढं केलीही, “घ्या, तुमच्या घरी अशीच खात होतात ना लहानपणी. रांधणारी कोण होती? इनेझ ना? तिला आडनाव होतं, ठाऊक आहे का तुम्हाला?” मार्जीनबाईला ठाऊक नव्हतं. तंगडी तिनं घेतली नाही.

मॉन्टगोमरीला त्या टेकडीवर गेले सगळे. वर छताला लोखंडी खांब टांगलेत, एकेका जिल्ह्याचा एकेक, त्यावर तिथं जमावानं मारलेल्या काळ्या माणसांची नावं कोरलेली. आधी खांब आपल्या उंचीला असतात, मग पायाखालची जमीन उतरत जाते आणि ते वर वर जातात, मान मागं टाकून बघायला लागतं. आत्या बघत गेली. मार्जीनबाई मात्र रडायला लागली, मोठ्यानं, आणि तिनं आत्याचा हात घट्ट धरला. आत्यानं एकेक बोट सोडवून घेतलं.

“असं काय करता? मी तुमच्यासाठीच रडतेय.”

“माझ्यासाठी रडायला माझी माणसं आहेत,” आत्या म्हणाली. “तुम्ही तुमच्यासाठी रडा. तुम्हाला पुरून उरेल.”

त्या रात्री जेवणावरच दोन तट पडले. त्यांची एक बाई म्हणाली, आम्ही एवढं मनापासून करतोय आणि तुमच्या म्हातारीचं हे असं. ओमेगाबाई म्हणाली, आमच्या म्हातारीचं हे असंच असतं, आम्ही सत्तर वर्षं सोसलंय, तुम्ही दोन दिवस सोसा. दुसऱ्या दिवशी सेल्माच्या पुलावर दोन्ही मंडळ्या दोन फुटपाथांनी चालल्या. गाणं एकच म्हणत होते, पण आमचे अर्धी ओळ पुढं.

रविवारी दुपारी बस गावात परत आली ती थेट जिनिंगच्या आवारात. भिंत अर्धी पडलेली, वेल माजलेले, लाल माती. खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, टेबलावर बरणी, भिंतीला टेकवून नवं फावडं, त्याला रिबीन बांधलेली. आत्या बसमधून उतरली ती पांढऱ्या झग्यात. हातमोजे, बूट, सगळं. ओमेगाबाई पण तशीच.

“मावशी, हा पोशाख कशाला?” एझेलनी विचारलं.

“ड्यूटी आहे.”

प्रार्थना झाली. गोऱ्यांचे पाळक मार्जीनबाईला पुढं बोलवणार, तेवढ्यात आत्या दोन खुर्च्यांच्या रांगांमधून चालत पुढं गेली आणि वळली.

“आमच्यात आधी पाहुण्यांची ओळख होते,” ती म्हणाली. “ही जागा लेव्हर्ट मॉसलीची आहे. आज इतक्या वर्षांनी त्याच्याकडे पाहुणे आलेत. नाव सांगा, कोणाची पोर ते सांगा, चर्च सांगा.” आणि पहिल्या खुर्चीपाशी जाऊन उजवा हात वर केला.

त्या लोकांना गंमत वाटली. एक म्हातारा उठला, म्हणाला, मी अमका, माझे वडील टेनेसीत शेती करायचे. स्वागत आहे, हात खाली. एक तरुण जोडपं उठलं. स्वागत आहे. असं करत करत आत्या मार्जीनबाईपाशी आली. हात वर.

“मी मार्जीन स्टॅग्स. आपल्या गावच्याच चर्चची. सगळे ओळखतात मला.” आणि बसायला लागली.

हात वरच.

रस्त्यावरून एक लाकडं भरलेला ट्रक गेला, त्याचा आवाज तो पार नदीच्या पुलापर्यंत जाईतो ऐकू आला. गोऱ्यांचे पाळक उठून मधे यायला लागले तर ओमेगाबाई रांगेत आडवी झाली, हातमोज्याचा तळवा पुढं. आमच्यात पाहुण्याची ओळख चालू असताना मधून चालायचं नाही. ते थांबले. का थांबले त्यांनाही कळलं नसेल.

“माझ्या वडलांना ह्यात आणू नका,” मार्जीनबाई हळू म्हणाली.

“मी नाही आणलं. ते स्वतःच्या ट्रकमधनं आले होते.”

“किती दिवसांपासून ह्याचीच वाट बघत होतात तुम्ही. दुष्ट आहात. म्हातारपणी सुद्धा दुष्ट आहात.”

“असेन. कोणाची पोर?”

मार्जीनबाई लाल झाली, मानेपर्यंत. मग एकदम ओरडली. “लॅथमची! ड्यूई लॅथमची पोर! झालं? पोट भरलं?”

भिंतीवरून आवाज परत आला. आत्यानं हात खाली घेतला.

“स्वागत आहे,” ती म्हणाली.

तिथंच संपलं असतं. पण त्या दोन शब्दांनी मार्जीनबाई पेटली. शिवी दिली असती तर सोसली असती तिनं, स्वागत सोसवलं नाही. ती आत्याच्या अगदी तोंडाशी आली.

“माझा बाप एकटा नव्हता. आईनं मरताना सगळं सांगितलंय मला. ट्रकमधे त्याच्या शेजारी हॉलिस प्रुएट बसला होता. तुझा हॉलिस! ज्याला तू रांधून घातलंस. तुला काय वाटलं, एवढ्या गावात त्यानं तुलाच कामाला का ठेवलं? जा, त्याच्या थडग्यावर जाऊन हात वर कर!”

आता ती अहो-जाहो विसरली होती. आमच्या बायकांतून कोणीतरी “येशू, येशू” म्हणालं.

आत्या हलली नाही. ड्यूटीवर असताना सेविका बसत नाही, म्हणून ती बसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल तर शर्टच आले, निळ्या रेघेचे, पांढरे, त्यांच्या कफांना लागायची ती खळ, आणि ते कफ ज्या हातांवर बसायचे ते हात. तिनं स्वतःचे हातमोजे काढले, घडी करून पट्ट्यात खोचले. मग भिंतीपाशी गेली, फावड्याची रिबीन सोडून टाकली आणि एकटीनंच खणायला लागली. अठ्ठ्याहत्तरीची बाई. कोणाला हात लावू दिला नाही. बरणी भरली, झाकण लावलं, पोटाशी धरली.

एझेल माईक घेऊन जवळ आले. काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून ठरलेलंच बोलले. “मावशी, आता क्षमेचा शब्द…”

“क्षमा नाव घेऊन करतात, एझेल. जमावाला काय करायची?” माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. “चौघं होते. दोन नावं आलीत.”

कोणी गाणं सुरू केलं नाही. मार्जीनबाई बसमधे न चढता रस्त्यानं पायी निघून गेली, तिच्या मागं तिच्या दोघी मैत्रिणी. फोटोवाल्यानं कॅमेरा पिशवीत घातला.

ओमेगाबाईनं आत्याला आपल्या गाडीतून घरी सोडलं.

“तुला संशय तरी होता?” ओमेगाबाईनं विचारलं.

“नाही.” मग घर जवळ आल्यावर आत्या म्हणाली, “टोपी मांडीवर घेऊन बसला होता गं. आईच्या मयतीला.”

त्यानंतर पाटी अडली. त्यांचं चर्च म्हणालं, नावं असतील तर आम्ही नाही. आत्या म्हणाली, नावं नसतील तर मीही नाही. एझेल दोन्हीकडे चकरा मारून वाळले. बाजारात गोऱ्या बाया आत्याला बघून दुसऱ्या रांगेत जायला लागल्या. आमच्यातलेही काही म्हणाले, म्हातारीनं घरात नीट आलेलं सुख घालवलं. आत्याला ते कळलं. ती म्हणाली, कुणाच्या घरात आलेलं?

यात्रेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात एका दुपारी बडी प्रुएट आला होता. साठी उलटलेला, बापासारखाच उंच, आता दुकान तोच बघतो. आत्या जाळीच्या दाराशी गेली. कडी काढली नाही.

“नेल,” तो म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं. “गावभर माझ्या बापाचं नाव झालंय.”

“ऐकलंय मी.”

“त्या बाईचा स्वतःचा बाप खुनी होता म्हणून ती माझ्या बापावर ढकलते. आणि तू ऐकून घेतलंस? तू? तुला माझ्या बापानं घरातल्यासारखं ठेवलं.”

“मागच्या दारानं,” आत्या म्हणाली.

“तू मला वाढवलंस, नेल.”

“हो. पुसलं, भरवलं, ताप आला तर मांडीवर घेऊन बसले. तेव्हा माझी स्वतःची पोरं शेजारणीकडे असायची.” तिनं जाळीला हात टेकला. “म्हणून तुलाच विचारते, दुसऱ्या कोणाला विचारलं नाही अजून. तुझा बाप तिथं होता का?”

“मला काय माहीत! माझा जन्म नव्हता झाला.”

“तुझी आई आहे की.”

“ती पंचाण्णव वर्षांची आहे. बिछान्याला खिळलीय.”

“मग लवकर विचार.”

बडी म्हणाला, “दार तरी उघड. उन्हात उभा आहे मी.”

“विचारून ये,” आत्या म्हणाली. “मग उघडते.”

तो पायऱ्या उतरून गेला. गाडीचं दार एवढ्या जोरात आपटलं की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. आत्या तिथंच उभी होती, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. पुढच्या मार्चमधे ती गेली. तोवर रोज दुपारी जेवण झालं की दाराजवळ खुर्ची ओढून बसायची, कोणी विचारलं तर म्हणायची, वारा चांगला येतो इथं. बडीची आई अजून आहे. बडी आला नाही.